किती तपासल्या ते कळलं. पुढे त्यांचं काय झालं?

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशासरशी गोठवली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतले आरोग्य कार्यक्रम रातोरात अडचणीत आले. एचआयव्हीच्या दवाखान्यांना जोडून चालणारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी त्यांतलीच एक. पाठोपाठ, १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत घरोघरी जाऊन लोकांच्या आरोग्याची पाहणी करणारा ‘डीएचएस’ हा सर्वेक्षण कार्यक्रमही थांबला. तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा तापला आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की पैसा आटलाय तर आधी उपचार वाचवा. आजवर नर्सचा निम्मा दिवस देणगीदारांचे रकाने भरण्यात गेला, तो तरी आता सुटेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आकडेच नसतील तर धोरण कशाच्या आधारावर ठरवणार? म्हणून उलट आणखी माहिती गोळा करा, टॅब द्या, अ‍ॅप द्या, सगळं ऑनलाइन आणा.

हे भांडण चाललंय ते ‘माहिती किती’ यावर, आणि म्हणूनच ते भरकटलं आहे. या कार्यक्रमांत आज गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा होते आणि नेमकी हवी ती होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. किती स्त्रियांची तपासणी झाली हे प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर असतं. ज्यांच्या तपासणीत दोष निघाला, त्यांतल्या एकेकीचं पुढे काय झालं, हे मात्र फार थोड्या ठिकाणी सांगता येतं. माहिती-संकलन सुधारायचं तर सुरुवात इथून करायला हवी. त्यासाठी बाकीचे निम्मे रकाने खोडावे लागले तर खुशाल खोडावेत.

हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा नाही. २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि साडेतीन लाख स्त्रिया त्याने गेल्या. त्यांतले ९४ टक्के मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. पेशींमधल्या पहिल्या बदलापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील तर ५ ते १०. इतकी वर्षं हाताशी असताना एखादी स्त्री दगावते, तेव्हा तिच्यापर्यंत कोणी पोचलं नाही किंवा पोचून तिला सोडून दिलं, या दोहोंतलं एक काहीतरी घडलेलं असतं. पहिली चूक आपल्याला आकड्यांत दिसते. दुसरी दिसतच नाही.

का दिसत नाही, हे समजायला आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीकडेच बघावं लागतं. आफ्रिकेच्या पूर्व किंवा दक्षिण भागातल्या बहुतेक केंद्रांत ही तपासणी नर्स करते. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं, एक मिनिट थांबायचं. पांढरा चट्टा उठला तर दोष आहे असं धरायचं. चट्टा लहान असेल तर गोठवून किंवा तापवून तो तिथेच नाहीसा करता येतो. मोठा असेल, आत शिरलेला असेल किंवा दिसण्यातच संशयास्पद असेल, तर चिठ्ठी लिहून जिल्ह्याच्या किंवा राजधानीच्या रुग्णालयात पाठवायचं. नोंदवहीत त्या स्त्रीची एक ओळ असते: नाव, वय, गाव, एचआयव्हीची स्थिती, निकाल आणि शेवटच्या रकान्यात ‘पुढे पाठवलं’. महिनाअखेरीला या ओळींची बेरीज होते. बेरीज वर जाते, ओळ खालीच राहते. मोठ्या रुग्णालयाची नोंदवही वेगळी. तिथे तीच बाई वेगळ्या आडनावाने, अंदाजाने सांगितलेल्या वेगळ्या वयाने लिहिली जाते. दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा शेजारणीचा असतो. दोन्ही वह्या समोरासमोर कधीच येत नाहीत. ती तिथे पोचली की बसभाड्याअभावी घरीच राहिली, हे पहिल्या केंद्राला कळायला काही मार्ग नसतो. आणि वरच्या अहवालात मात्र ती ‘तपासणी झालेली’ म्हणून यशाच्या खात्यात जमा असते. जिचा धोका सर्वांत मोठा, तिचीच नोंद सर्वांत आधी तुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे ध्येय जाहीर केलं त्यातही ही फट उघडी पडते. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना एचपीव्ही या (हा कर्करोग घडवणाऱ्या) विषाणूविरुद्धची लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार. यातलं दुसरं आणि तिसरं कलम मोजायचं तर ‘या वर्षी किती तपासण्या झाल्या’ हा आकडा पुरत नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला दर तीन ते पाच वर्षांनी तपासायचं असतं. ती तीनदा आली तर बेरजेत तीन धरल्या जातात, तपासलेली स्त्री एकच असते. ‘पुन्हा एकदा’ हे शब्द ज्या ध्येयात आहेत, ते ध्येय पहिल्या वेळचं नाव जपून ठेवल्याशिवाय मोजता येईल का?

तपासण्यांची संख्या म्हणजे यश, या समजुतीची किंमत श्रीमंत देशांनीही मोजली आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी लाखो स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींचे काचपट्टीवर घेतलेले नमुने) काढले जात होते. दोन दशकं उलटली तरी मृत्यूंत अपेक्षित घट दिसेना. कारण गर्भनिरोधनासाठी किंवा बाळंतपणासाठी दवाखान्यात येणाऱ्या त्याच त्या तरुण स्त्रिया पुन्हा पुन्हा तपासल्या जात होत्या. वयाने मोठ्या आणि गरीब स्त्रिया बाहेरच राहत होत्या. १९८८ साली यादीवरून नावानिशी बोलावण्याची आणि परत बोलावण्याची संगणकीय पद्धत देशभर आली. त्या वर्षी ४२ टक्के असलेली व्याप्ती, म्हणजे ठरलेल्या वयाच्या स्त्रियांपैकी तपासणी झालेल्यांचं प्रमाण, १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेली. १९९० पासून डॉक्टरांना व्याप्तीच्या प्रमाणात पैसे मिळू लागले, त्याचाही यात वाटा आहे, हे मान्य. पण प्रमाण काढायचं तर छेदस्थानी यादी लागते. ती आधी होती म्हणूनच पैशाची ती योजना चालू शकली. उत्तर युरोपातला दाखला तर आणखी बोलका आहे. १९६५ ते १९८२ या काळात या कर्करोगाचा मृत्युदर आइसलंडमध्ये ८० टक्क्यांनी, फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी उतरला आणि नॉर्वेमध्ये जेमतेम १०. नॉर्वेत स्मिअर निघत नव्हते असं मुळीच नाही. देशभर नावानिशी बोलावणं नव्हतं. फिनलंडने तर तिशी ते साठीच्या दरम्यान दर पाच वर्षांनी एक, म्हणजे आयुष्यभरात अवघ्या सात तपासण्या ठेवल्या होत्या.

यावर लगेच म्हटलं जाईल, की फिनलंडची गोष्ट आफ्रिकेतल्या मलावीसारख्या गरीब देशाला सांगून काय उपयोग? तिथे लोकसंख्येची नोंदणी होती, कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी १९५० च्या दशकापासून होती, पत्ते पक्के होते. आक्षेप रास्त आहे. म्हणून दाखला गरीब देशातला घेऊ, आणि तो टांझानियाचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कारेल स्टिब्लो या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. संगणक नाही, रस्ते बेताचे, कर्मचारी थोडे. स्टिब्लोंनी नियम एकच घातला: एका तिमाहीत नोंदवलेला प्रत्येक रुग्ण पुढे ठरलेल्या वेळी कुठल्या तरी एका रकान्यात दिसलाच पाहिजे. बरा झाला, उपचार पूर्ण केले, उपचार फसले, मेला, मध्येच सोडून गेला, दुसरीकडे बदलून गेला. सातवा रकाना नाही. सगळ्या रकान्यांची बेरीज सुरुवातीच्या संख्येइतकी आली नाही तर अहवाल अपुरा. कागदावर चालणारी ही पद्धत इतकी टिकली, की १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाविरुद्ध जे ‘डॉट्स’ धोरण जगभर नेलं, त्याचा ती कणा झाली. पुढे मलावीने एचआयव्हीच्या औषधांसाठी तिमाही हिशेबाची हीच रीत उचलली.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला हीच पद्धत लावा, एवढंच मागणं आहे. या तिमाहीत दोष आढळलेल्या स्त्रियांची यादी करा आणि सहा महिन्यांनी त्यांतल्या प्रत्येकीसमोर लिहा: उपचार झाले, मोठ्या रुग्णालयात पोचली आणि निदान झालं, उपचार नाकारले, गाव सोडून गेली, मृत्यू, सापडली नाही. ‘सापडली नाही’ हा रकाना लाजेचा नाही, उलट सर्वांत उपयोगाचा आहे. एका केंद्रात तो फुगलेला आणि शेजारच्यात रिकामा असेल, तर शेजारच्या केंद्राने काय वेगळं केलं हे जाऊन बघता येतं.

क्षयाचा रुग्ण खोकत असतो, औषधासाठी महिनोन्महिने स्वतःहून येतो. तपासणीला आलेल्या बाईला काहीच होत नसतं. तिला परत आणणं कितीतरी अवघड. हा फरक खरा आहे, आणि माझ्या मते तो माझ्याच बाजूने बोलतो. आजारी माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा गरज त्याची असते. इथे धडधाकट बाईला कामधंदा सोडून आपण बोलावलं, तुझ्यात दोष आहे असं आपण सांगितलं. हे सांगून झाल्यावर तिचा माग सोडून देण्याचा अधिकार आपल्याला राहतो का?

याहून वजनदार आक्षेप तपासणी आणि उपचार एकाच भेटीत उरकण्याचा आहे. त्याच दिवशी चट्टा नाहीसा केला तर पाठपुरावा आणि त्याची नोंद यांची गरजच संपते, असं अनेक अनुभवी लोक मनापासून मानतात. या पद्धतीने असंख्य स्त्रिया वाचल्या आहेत, त्यावर वाद नाही. झांबियात २००६ मध्ये लुसाकात सुरू झालेल्या कार्यक्रमात नर्सनी २०१३ पर्यंत एक लाखाहून अधिक स्त्रिया तपासल्या, त्या याच रीतीने. पण त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू विसरली जाते. तिथल्या नर्स बाजारात मिळणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याने गर्भाशयमुखाचा फोटो काढत, तो त्या बाईला दाखवत, आणि तेच फोटो नंतर डॉक्टरांसोबत बसून पुन्हा पाहत. म्हणजे एका भेटीच्या कार्यक्रमालाही चांगली नोंद लागलीच. शिवाय एका भेटीत भागतं ते लहान चट्ट्यांचं. मोठा चट्टा, संशयित कर्करोग, त्या दिवशी संपलेला, चट्टा गोठवायच्या गॅसचा सिलिंडर, ‘नवऱ्याला विचारून येते’ म्हणून परतलेली बाई, उपचारानंतर वर्षभराने करायची फेरतपासणी. या साऱ्या जणी एका भेटीच्या चौकटीबाहेर पडतात. आणि आता तर २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीच्या डीएनए चाचणीला प्राधान्य द्यायला सांगते आहे. चाचणी अधिक भरवशाची, नमुना बाई स्वतः घेऊ शकते, हे सगळं चांगलंच. पण नमुना प्रयोगशाळेत गेला की अनेक ठिकाणी निकाल त्याच दिवशी येत नाही. चाचणी सुधारली की धागा जपण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

नर्सवरच्या ओझ्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. एकच निकाल बाईच्या कार्डावर, केंद्राच्या वहीत, एचआयव्ही विभागाच्या वहीत, सरकारच्या मासिक तक्त्यात आणि देणगीदाराच्या वेगळ्या नमुन्यात लिहायला लावणं हा छळ आहे. बाहेर बाकावर स्त्रिया ताटकळत असतात तेव्हा तर अन्यायच. पण हा छळ एकाच गोष्टीच्या पाच नकलांनी होतो, पाठपुराव्याने नव्हे. दोष निघणाऱ्या स्त्रिया तपासलेल्यांमध्ये थोड्याच असतात. समजा महिन्याला दोनशे तपासण्या झाल्या आणि वीस जणींमध्ये दोष निघाला. दोनशे जणींचं शिक्षण, व्यवसाय, लग्नाचं वय, मुलांची संख्या लिहिण्यापेक्षा वीस जणींचा पक्का माग ठेवणं वेळेच्या हिशेबानेही स्वस्त. ती बाकीची माहिती संशोधनाला हवी असेल तर काही केंद्रांतून, काही काळापुरती घ्यावी; शितावरून भाताची परीक्षा तिथे चालते. पाठपुराव्याला ती चालत नाही. नमुना सर्वेक्षण देशाची व्याप्ती सांगेल, एकाही बाईला परत बोलावणार नाही.

आता ज्या आक्षेपापुढे थबकावं लागतं, त्याकडे येतो. स्त्रियांच्या शरीराची नावानिशी नोंद हे सत्तेच्या हातातलं हत्यार होऊ शकतं. रोमानियात १९६६ च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आली आणि १९८० च्या दशकात कामाच्या ठिकाणी स्त्रियांची सक्तीची स्त्रीरोग तपासणी होऊ लागली. गरोदर कोण आहे हे टिपून ठेवायला. सिंगापूरसारख्या काटेकोर राज्यातही एचआयव्हीग्रस्त १४,२०० माणसांची नोंद फुटल्याचं २०१९ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं. आपल्या ओळीतच एचआयव्हीची स्थिती लिहिलेली असते, हे मी वर सांगितलंच. तेव्हा ‘माहिती गोळा करण्यात वाईट काय’ असं म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचावा.

पण याच इतिहासात न्यूझीलंडही आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकापासून अनेक स्त्रियांच्या पेशींतला दोष पुरते उपचार न करता नुसता पाहत राहण्याचा प्रकार चालला. स्त्रियांना याची कल्पना नव्हती. तो उघडकीला आला तो तिथल्याच काही डॉक्टरांनी जपलेल्या नोंदींमुळे. १९८४ साली त्यांनी ९४८ स्त्रियांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला: ज्या १३१ जणींमध्ये दोन वर्षांनंतरही दोष दिसत राहिला होता, त्यांतल्या २९ जणींना पुढे कर्करोग झाला, उरलेल्या ८१७ जणींपैकी फक्त १२ जणींना. एकेकीचा धागा हातात नसता तर हा अन्याय कधीच सिद्ध झाला नसता. १९८८ च्या कार्टराइट चौकशी अहवालानंतर राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम आला, नोंदपट आला, त्यातून नाव काढून घेण्याचा हक्क आला. १९९५ मध्ये खास नियम झाले, की तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या स्त्रियांची एकत्रित आकडेवारी वापरायची तर माओरी स्त्रियांच्याच पालक गटाची परवानगी लागेल. या नियमांनी संशोधन काही वेळा रखडलं, अशी तक्रार झाली आणि ती खोटी नव्हती. तरीही माहिती आमच्याबद्दल असेल तर तिच्यावर शब्द आमचा चालेल, हे एका देशाने कायद्यात लिहिलं. भीतीला उत्तर द्यायचं ते असं. नोंदच नको म्हटलं, तर सत्तेच्या गैरवापरापासून वाचलेली स्त्री दुर्लक्षाने मरते.

न्यूझीलंडकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नोंदपट असूनही १९९० च्या दशकात गिसबर्न भागात एक पॅथॉलॉजिस्ट स्लाइड चुकीच्या वाचत राहिला आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. माहिती होती, प्रयोगशाळेनुसार ती मांडून बघणारं कोणी नव्हतं. आयर्लंडमध्ये २०१८ साली उलटं निघालं. कर्करोग झालेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांचे जुने स्मिअर पुन्हा तपासले, ते आधी वेगळे वाचले गेल्याचं दिसलं, आणि बहुतेकींना ते सांगितलंच नाही. गोळा केलेली माहिती बघणं आणि जिची आहे तिला ती सांगणं, ही दोन कामं संकलनाचाच भाग धरली पाहिजेत.

अ‍ॅपवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ साली कागदी नोंदींवर तपासणी कार्यक्रम सुरू केला, टांझानियाने वहीवर क्षयरोगाचा. टॅब असला तर उत्तम. पण यादीवरची बाई शोधायला जाणारं माणूस नसेल तर टॅब त्याच तुटक्या ओळी अधिक सुबकपणे साठवील. आणि ती माहिती देणगीदाराच्या सर्व्हरवर असेल, तर २०२५ सारखा आदेश निघाल्यावर तिचं काय होणार? मूळ नोंद देशाच्या आरोग्य खात्याकडे आणि तिची प्रत बाईच्या हातात असली पाहिजे. मलावीत रुग्ण आपली छोटी ‘हेल्थ पासपोर्ट’ वही स्वतःजवळ बाळगतात, कुठल्याही दवाखान्यात तीच उघडतात. शिवाय २०१७ मध्ये त्या देशाने प्रौढांची सार्वत्रिक नोंदणी करून ओळखपत्रं दिली. दोन वह्यांतली एकच बाई ओळखायला याहून मोठं साधन लागत नाही. तो क्रमांक लिहायचा की नाही, हे मात्र तिने ठरवावं.

उरतो पैसा. गावोगाव फिरून स्त्रिया शोधणाऱ्या आरोग्यसेविकेचा पगार, तिचं प्रवासभाडं आणि मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या बाईचं बसभाडं, हे तीन खर्च आज अनेक अंदाजपत्रकांत ‘इतर’ या सदरात जातात किंवा जातच नाहीत. ते तपासणीच्या खर्चातच धरावे लागतील. एवढ्याच निधीत हे बसवायचं तर पहिल्या एकदोन वर्षांत तपासण्यांचा आकडा खाली येईल. देणगीदारांनी आणि आरोग्य मंत्रालयांनी तो खाली येऊ द्यावा, त्यावरून कोणाचा निधी कापू नये, आणि वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर तपासण्यांच्या जागी दोष आढळलेल्या स्त्रियांचा सहा रकान्यांचा तक्ता मागावा.